मोडणीचे शास्त्र : पतंगाच्या पोटातील एका स्नायूचा इतिहास

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे इतिहासाचा विषय मागितला, तेव्हा कामगार चळवळीतला माणूस संपांचा किंवा संघटनांचा इतिहास सांगेल, अशी त्यांची समजूत असावी. तो विषय आमच्या हातचा आहे. तो पुन्हा कधीतरी सांगूच. आज मात्र आम्ही पतंगाच्या पोटातील एका स्नायूचा इतिहास सांगणार आहोत. हा स्नायू पतंग कोषातून बाहेर पडेपर्यंत कामावर असतो आणि पतंग बाहेर पडला की दोन दिवसांच्या आत नाहीसा होतो. तो जातो कोठे, त्याला मोडतो कोण, मोडण्याचा हुकूम कोणाचा आणि मोडण्याचा खर्च कोण सोसतो, या प्रश्नांवर माणसांनी शंभर वर्षांहून अधिक काळ डोके चालविले आहे.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. प्रयोगशाळा आम्ही आतून पाहिलेली नाही. जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. परंतु यंत्रे उभारली जाताना आणि तीच यंत्रे मोडून भंगाराच्या गाडीत चढताना आम्ही फार जवळून पाहिली आहेत. यंत्र उभारायला जसा जाणता फिटर लागतो तसा ते नीट मोडायलाही लागतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला या विषयात गोडी वाटावी यात नवल नाही.

प्रथम त्या प्राण्याची ओळख करून घेऊ. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या आपल्या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत ऐन आणि अर्जुन यांच्या झाडांवर टसर रेशमाचे किडे पाळतात. आपण ज्याला कोसा म्हणतो ते हेच रेशीम. झाडावरचा सुरवंट अंड्यातून निघाल्यापासून खात सुटतो. पुरेसा वाढला की स्वतःभोवती कोष विणतो आणि आत कोषावस्थेत जातो. तेथे त्याचा पतंग होतो. पतंगाला धड तोंड नसते. तो काही खात नाही. सुरवंटाने जे खाऊन ठेवले त्याच भांडवलावर त्याचे थोड्या दिवसांचे आयुष्य, उडणे, जोडी जमविणे आणि अंडी घालणे, सारे भागवायचे असते. भांडवल मोजके आणि नवी भर शून्य, अशा संसारात निरुपयोगी झालेली वस्तू मोडून तिचे सामान परत वापरात आणणे याला किती महत्त्व असेल ते येथील गृहिणींना आम्ही सांगायला नको.

सुरवंट मरतो आणि त्याच्या जागी पतंग नावाचा दुसराच जीव जन्मतो, अशी जुनी समजूत होती. सतराव्या शतकात हॉलंडमधील यान स्वामरडाम यांनी सुरवंटाची चिरफाड करून, पंख व पाय यांचे अंकुर आतच घडी करून ठेवलेले असतात हे दाखविले आणि ती समजूत मोडीत काढली. नवे अवयव कोठून येतात याचा छडा असा लागला. पण जुने कोठे जातात? हा प्रश्न दोनशे वर्षे कोणी फारसा विचारला नाही. उभारणीचे सर्वांना कौतुक असते. पाडकामाकडे पाहायला कोणी थांबत नाही.

तो प्रश्न धरून बसले जर्मनीतील ऑगस्ट वाइझमान. पुढे आनुवंशिकतेच्या सिद्धांतामुळे त्यांचे नाव गाजले. डोळे अधू झाल्यामुळे सूक्ष्मदर्शक सोडावा लागला म्हणून ते सिद्धांताकडे वळले. परंतु त्याआधी, १८६४ साली, त्यांनी माशीच्या रूपांतराचे बारकाईने वर्णन प्रसिद्ध केले होते. अळीचे स्नायू आणि इतर ऊती कोषावस्थेत विरघळून जातात असे त्यांना दिसले. या विरघळण्याला त्यांनी ऊतिविलय अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. नाव मिळाले, पण विरघळविणारा कोण ते कळले नाही.

पुढच्या पिढीला एक संशयित मिळाला. रशियातील इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ साली सिसिली बेटावर मेसिना येथे, शरीरातील काही भटक्या पेशी परक्या कणांना गिळतात हे ओळखले. या भक्षक पेशींच्या शोधाचे नोबेल पारितोषिक त्यांना १९०८ साली मिळाले. मग कोवालेव्हस्की यांनी १८८७ साली आणि व्हान रेस यांनी १८८८ साली, माशीच्या अळीचे जुने स्नायू अशाच भक्षक पेशी गिळून टाकतात असे दाखविले. झाले! खटल्याचा निकाल लागला असे लोकांना वाटले. बाहेरून टोळी येते आणि घर लुटून नेते. माशीच्या बाबतीत हे पुष्कळ अंशी खरेही होते. पतंगाच्या स्नायूच्या बाबतीत मात्र टोळी येतच नाही, हे कळायला आणखी पाऊणशे वर्षे लागली. त्यासाठी आधी शरीराविषयीची एक मोठी कल्पना बदलावी लागली. तिच्याविषयी आम्हाला थोडे विस्ताराने बोलायचे आहे, कारण ती आमच्या धंद्याशी संबंधित आहे.

वाफेच्या युगातील विद्वानांनी माणसाचे शरीर वाफेच्या इंजिनासारखे कल्पिले होते. अन्न म्हणजे कोळसा. ते जळते आणि इंजिन चालते. इंजिनाचा लोखंडी सांगाडा मात्र तोच राहतो. फक्त रोज किंचित झिजतो. अमेरिकेतील ऑटो फोलिन यांनी १९०५ साली प्रथिनांविषयी जो सिद्धांत मांडला त्याचा गाभा असाच होता. खाल्लेल्या प्रथिनांचा हिशेब वेगळा, शरीराच्या झिजेचा हिशेब वेगळा, आणि हा दुसरा हिशेब फार थोडा. कामगाराच्या शरीराकडे यंत्र म्हणून पाहण्याची कारखानदारीची सवय आणि हा सिद्धांत एकाच हवेत वाढले, असे आमचे मत आहे. झिजलेला भाग बदलता येतो आणि अगदीच झिजला तर यंत्र बाजूला टाकता येते. दोन्हींत फार विचार करावा लागत नाही.

हे इंजिन बंद पाडले रुडॉल्फ शोएनहाइमर यांनी. ते बर्लिनचे, धर्माने ज्यू. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ते जर्मनी सोडून न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे हॅरल्ड युरी हे जड हायड्रोजनचा शोध लावणारे शास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या प्रयोगशाळेतून जड नायट्रोजनही मिळू लागला. रसायनाच्या दृष्टीने हा नायट्रोजन नेहमीसारखाच असतो. फक्त वजनाने ओळखू येतो. नोटांवर खूण करून त्या बाजारात सोडाव्यात आणि मग कोणाच्या गल्ल्यात सापडतात ते पाहावे, तशी ही युक्ती. शोएनहाइमर आणि डेव्हिड रिटनबर्ग यांनी खूण केलेले अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा घटक, पूर्ण वाढलेल्या उंदरांना खाऊ घातले. उंदरांचे वजन वाढत नव्हते आणि घटतही नव्हते. इंजिनाची कल्पना खरी असती तर सर्व खुणेचा नायट्रोजन मूत्रावाटे बाहेर पडायला हवा होता. टायरोसिन हे अमिनो आम्ल वापरले तेव्हा साधारण अर्धाच बाहेर पडला. उरलेला बहुतेक भाग शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसला होता. वजन तेच होते, म्हणजे तितकीच जुनी प्रथिने मोडली गेली असली पाहिजेत. शरीर स्थिर दिसते ते मोडणी आणि उभारणी यांचा वेग सारखा असतो म्हणून. शोएनहाइमर यांनी सप्टेंबर १९४१ मध्ये आपल्या हाताने जीवन संपविले. त्यांची व्याख्याने सहकाऱ्यांनी १९४२ साली पुस्तकरूपाने छापली. शरीरघटकांची गतिमान स्थिती हा त्या पुस्तकाचा विषय होता.

हे सर्वांना लगेच पटले असे नाही. १९५५ साली फ्रान्समधील झाक मोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी, वाढत्या जिवाणूत प्रथिने जवळजवळ मोडतच नाहीत असे दाखवून पुन्हा शंका उभी केली. पण त्याच वर्षी बेल्जियममध्ये ख्रिश्चन द ड्यूव्ह यांनी पेशीतील लायसोझोम नावाच्या पिशव्यांची घोषणा केली. या पिशव्यांत प्रथिने पचविणारी विकरे भरलेली असतात. मोडणारी हत्यारे पेशीच्या घरातच ठेवलेली आहेत, हे यामुळे प्रथमच नीट दिसले.

आता पतंगाकडे परत येऊ. इंग्लंडमधील फिन्लेसन यांनी १९५६ साली फुलपाखरे व पतंग यांच्या पोटातील स्नायूंच्या ऱ्हासावर एक निबंध प्रसिद्ध केला. हे स्नायू पोटाच्या दोन वलयांमध्ये ताणलेले असतात. पतंगाला कोषातून बाहेर रेटण्याचे काम ते करतात आणि ते झाले की मोडतात. मोठा सोयीचा स्नायू! इतर ठिकाणी मरणाऱ्या पेशी लाखो जिवंत पेशींत विखुरलेल्या असतात. येथे सगळा स्नायू एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रहरी मरणाला लागतो, आणि तोही हातात धरून तोलता येईल इतका मोठा.

हार्वर्ड विद्यापीठात कॅरोल विल्यम्स यांची कीटकांची प्रयोगशाळा होती. तेथे रिचर्ड लॉकशिन या तरुण विद्यार्थ्याने हा स्नायू आपल्या अभ्यासासाठी घेतला. त्यांनी निवडलेला पतंग चीनमधील ओकच्या झाडावरचा, म्हणजे आपल्या टसरच्या पतंगाचा सख्खा भाऊबंद. दोघांचे कुळ एकच. १९६४ आणि १९६५ या दोन वर्षांत गुरुशिष्यांनी एकामागून एक पाच निबंध छापले. त्या सर्वांच्या माथ्यावर एकच शीर्षक होते. मराठीत आपण त्याला ‘नियोजित पेशीमृत्यू’ म्हणू. आज जगभर वापरात असलेला हा शब्दप्रयोग पतंगाच्या पोटातून निघाला आहे.

त्यांना काय दिसले? भक्षक पेशींची टोळी स्नायूत शिरत नाही. स्नायू आपल्या आतच, आपल्या हातांनी मोडतो. मोडण्याची तयारी संप्रेरकांनी आधीच करून ठेवलेली असते, आणि पतंग बाहेर पडल्यावर मज्जातंतूंकडून येणारे संदेश थांबतात तेव्हा प्रत्यक्ष मोडणी सुरू होते. ते संदेश औषधांनी चालू ठेवले तर मोडणी लांबते. त्याच प्रयोगशाळेत त्याच वर्षी, १९६४ साली, फोटिस काफाटोस आणि विल्यम्स यांनी आणखी एक गोष्ट शोधली. या जातीचा पतंग बाहेर पडताना कोषावर एक विकर सोडतो, ते कोषाच्या टोकाकडील प्रथिनांचा गोंद विरघळविते, आणि मग धागे बाजूला सारून तो वाट काढतो. भोक पडलेल्या कोषाचा सलग धागा निघत नाही, त्याचे सूत काततात, हे टसरवाल्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. म्हणजे पाहा, पतंग बाहेर पडताना बाहेरची प्रथिने विरघळवून भिंत फोडतो आणि बाहेर पडल्यावर आतली प्रथिने मोडून ज्या स्नायूने रेटले त्यालाच निकालात काढतो.

‘नियोजित’ या शब्दाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मूळ इंग्रजी शब्द आधी आखून ठेवलेल्या आज्ञांच्या मालिकेचा आहे. अमेरिकेच्या विद्यापीठांत संगणक तेव्हा नुकते स्थिरावत होते आणि त्यांच्यामुळे हा शब्द सर्वतोमुखी झाला होता. शब्द चांगला आहे, पण तो कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. बंद पडत चाललेल्या एका कारखान्याच्या वाटाघाटींत समोरच्या बाजूच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हाला ऐकविले की, उद्योगही पेशींसारखे मरतात, तो निसर्गाचाच नियम आहे, त्याला तुमचा विरोध का? आम्ही म्हटले, “साहेब, त्या स्नायूची मोडणी सुरू होते ती पतंग सुखरूप बाहेर पडल्यावर. आणि त्याचा कण न् कण पतंगाच्याच पदरात पडतो. येथे माणसे अजून आतच आहेत, आणि सामान मात्र बाहेर चालले आहे.” त्यावर ते काही बोलले नाहीत. निसर्गातील दाखले समाजाला लावू नयेत, हे आम्हाला मान्य आहे; पण कोणी लावलेच, तर निदान दाखला पुरता वाचलेला असावा.

लॉकशिन यांनी १९६९ साली एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. नवी प्रथिने तयार होऊ न देणारी औषधे योग्य वेळी पतंगाला टोचली, तर स्नायू मरत नाही. क्षणभर विचार करा. मरणारी पेशी दुबळी होऊन कोसळत असती, तर अशा औषधांनी ती लवकर कोसळली असती. उलट ती वाचते. म्हणजे मरण्यासाठी पेशीला आधी काही नवे घडवावे लागते. पाडकामाची हत्यारे ऐनवेळी बनवून घ्यावी लागतात. पण ही हत्यारे कोणती, हे तेव्हा कोणाला सांगता येत नव्हते. त्याचे उत्तर पतंगाशी काहीही संबंध नसलेल्या एका कोड्यातून आले.

ते कोडे जमाखर्चाचे होते. प्रथिने जोडायला शक्ती लागते हे समजण्यासारखे आहे; भिंत बांधायला मजुरी पडते. पण प्रथिने तुटताना शक्ती सुटते, लागत नाही. आपल्या जठरात अन्नातील प्रथिने पचतात तेव्हा पेशीच्या शक्तीचा एक पैसाही त्या तोडण्यावर खर्च होत नाही. असे असताना मेल्विन सिम्पसन यांनी १९५३ साली उंदराच्या यकृताच्या कापांवर प्रयोग केले आणि त्यांना आढळले की, पेशीची शक्ती तोडली तर आतील प्रथिनांची मोडणीही मंदावते. मोडायला मजुरी का पडावी? बहुतेकांनी हा निकाल वाचला आणि बाजूला ठेवला. लायसोझोमच्या शोधानंतर तर सगळे श्रेय त्या पिशव्यांना मिळू लागले.

१९७७ साली हार्वर्डमध्ये जोसेफ एटलिंगर आणि आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशी फोडून त्यांचा अर्क काढला. या पेशींत लायसोझोम नसतातच. तरीही त्या अर्कात प्रथिने मोडत होती, आणि एटीपी, म्हणजे पेशीचे चलनी नाणे, घातले तरच मोडत होती. त्याच अर्कावर इस्राएलमध्ये हैफा येथे अव्राम हर्शको आणि त्यांचे विद्यार्थी आरोन चेहानोव्हर काम करीत होते. अर्काचे भाग पाडताना हिमोग्लोबिनचा तांबडा गाळ पदोपदी आड येई. तो घालविण्यासाठी त्यांनी तो भाग सरळ उकळला. हिमोग्लोबिन गोठून खाली बसले, आणि ज्याचा शोध चालला होता तो घटक उकळूनही शाबूत राहिला! साधारण प्रथिन उकळल्यावर अंड्यासारखे थिजते. हे लहानसे प्रथिन वेगळ्याच धातूचे निघाले. १९८० साली फिलाडेल्फियाच्या अर्विन रोज यांच्या सोबतीने त्यांनी दाखविले की, हे लहान प्रथिन मोडायच्या प्रथिनाला पक्के जोडले जाते, एकावर एक अनेक जोडली जातात, आणि मग ते प्रथिन मोडीत जाते. तेच लहान प्रथिन इतरांनी १९७५ साली शोधून ‘युबिक्विटिन’, म्हणजे सर्वत्र आढळणारे, अशा नावाने नोंदविले होते. त्यात फक्त ७६ अमिनो आम्ले असतात.

आमच्या भाषेत सांगायचे तर युबिक्विटिन ही कपातीची नोटीस आहे. ती चिकटविण्याचे काम तीन पायऱ्यांनी होते. पहिले विकर एटीपीची किंमत मोजून नोटीस तयार करते, दुसरे ती हातात घेते, तिसरे नेमके कोणाच्या छातीवर लावायची ते ओळखते. पहिल्या पायरीवर एक-दोनच प्रकारचे नोकर, तिसऱ्या पायरीवर मात्र माणसाच्या शरीरात शेकडो. कारण निवड तेथे होते. मजुरी कशाची पडते याचे उत्तर यात आहे. तोडणे फुकट असते. कोणाला तोडायचे आणि कोणाला नाही, या निवडीचा खर्च असतो. तोडण्याची विकरे पेशीत मोकाट सोडली तर ती हाती येईल ते तोडतील. म्हणून धारदार पाती एका बंद पिंपात ठेवलेली असतात. सात-सात तुकड्यांची चार कडी एकावर एक रचून, एकूण २८ तुकड्यांचे हे पिंप होते. १९८८ साली त्याला ‘प्रोटिअसोम’ हे नाव मिळाले आणि १९९७ साली जर्मनीतील रॉबर्ट ह्यूबर यांच्या गटाने यीस्टमधील पिंपाची अणूगणिक रचना प्रसिद्ध केली. पिंपाच्या तोंडावर झाकण असते. नोटीस लागलेले प्रथिन तेथे उलगडले जाते, आत ओढले जाते आणि त्याचे लहान लहान तुकडे होतात. या उलगडण्या-ओढण्यालाही एटीपी खर्ची पडते. आणि नोटीस? ती दारातच सोडवून घेतात आणि पुन्हा वापरतात. पेशीचा काटकसरीपणा असा. हर्शको, चेहानोव्हर आणि रोज यांना २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान अमेरिकेत लॉरेन्स श्वार्ट्झ यांनी, प्रथम जेम्स ट्रुमन यांच्या सोबतीने, दुसरा पतंग हाती घेतला होता. त्याचा सुरवंट तंबाखूची पाने खातो. आमच्या निपाणीकडच्या तंबाखूवर तो नाही. तो अमेरिका खंडातलाच. या पतंगात १९८३ साली त्यांनी दाखविले की, कात टाकण्याचे जे संप्रेरक असते त्याची रक्तातील पातळी घसरली की स्नायूच्या अंताची घंटा वाजते. पतंग बाहेर पडण्याच्या सुमारास हेच संप्रेरक टोचले तर स्नायूचा मृत्यू पुढे ढकलता येतो; ठरलेली वेळ टळून गेली तर मात्र टोचण्याचा उपयोग होत नाही. मग १९९० साली श्वार्ट्झ यांच्या गटाने मरू लागलेल्या स्नायूत कोणती जनुके जागी होतात ते पाहिले. त्यांत ठळकपणे आढळले युबिक्विटिनचे जनुक. १९९५ साली आणखी काम झाले. नोटीस तयार करणारी, हातात घेणारी आणि लावणारी विकरे या स्नायूत एकजुटीने वाढतात आणि पिंपाच्या तुकड्यांतही फेरबदल होतात, असे दिसले. लॉकशिन यांच्या औषधांनी जी हत्यारे घडू दिली नव्हती, त्यांतील काहींची नावे अशी सव्वीस वर्षांनी कळली.

या कथेला एक दुसरी, अधिक प्रसिद्ध बाजू आहे. ती थोडक्यात उरकतो. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी आक्रसून, तुकडे होऊन मरणाऱ्या पेशींना ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत कोणत्या पेशी मरणार ते ठरलेले असते आणि त्यासाठी ठराविक जनुके असतात, हे सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांनी शोधले. सिडनी ब्रेनर यांच्यासह त्यांना २००२ सालचे नोबेल मिळाले. त्यानंतर नियोजित मृत्यू म्हणजे अपॉप्टोसिसच, अशी रूढी पडू लागली. परंतु ज्या स्नायूवरून हा शब्दप्रयोग निघाला तो स्नायूच या व्याख्येत बसत नाही. त्याचे तसे तुकडे होत नाहीत आणि त्याला कोणी गिळत नाही, असे श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली स्पष्ट लिहिले. पेशी आपलाच ऐवज पोटातील पिशव्यांत घालून पचविते, असा प्रकार तेथे मोठ्या प्रमाणावर चालतो. जो पहिला सभासद, त्यालाच संघटनेच्या घटनेत जागा नाही, अशी ही गंमत!

हे सर्व ऐकून कोणी विचारील की, पतंगाच्या पोटाचा आमच्याशी काय संबंध? ज्यांच्या हातापायाला कधी प्लास्टर लागले आहे त्यांनी ते काढल्याच्या दिवसाची आठवण करावी. यंत्रावर पडून पाय मोडलेल्या आमच्या एका सहकाऱ्याची पोटरी दीड महिन्यानंतर मनगटाएवढी झालेली आम्ही पाहिली आहे. हाड सांधले होते, औषध वेळेवर होते, खाणेपिणे बरे होते. मग मांस गेले कोठे? पतंगाच्या स्नायूचे जेथे गेले तेथेच. २००१ साली दोन निरनिराळ्या गटांनी, झिजणाऱ्या स्नायूत एकाएकी वाढणारी तिसऱ्या पायरीची दोन विकरे शोधली. ती नसलेल्या उंदरांचे स्नायू तितके झिजत नाहीत, असेही आढळले. अंथरुणाला खिळणे, उपासमार, कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, कारण काहीही असो; नोटीस लावणारे हात तेच असतात. मात्र स्नायूचे दोर जसेच्या तसे पिंपात शिरत नाहीत. ॲक्टिन आणि मायोसिन एकमेकांत गुंतलेले असतील तर प्रोटिअसोमला ते मोडता येत नाहीत, हे गोल्डबर्ग यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखविले होते. आधी गुंता सोडवावा लागतो; त्यासाठी वेगळे कारागीर लागतात.

उपोषणाचा मार्ग आमच्या चळवळीला नवा नाही, म्हणून त्याविषयीही चार शब्द. लाहोरच्या तुरुंगात १९२९ साली जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले. अन्न बंद झाले की मेंदूला लागणारी साखर पुरविण्यासाठी शरीर पहिल्या दिवसांत स्नायूंची प्रथिने भराभर मोडते. बोस्टनच्या जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दीर्घ उपवास करणाऱ्या माणसांवर अभ्यास केला. काही दिवसांनी मेंदू चरबीपासून निघणाऱ्या कीटोन द्रव्यांवर भागवू लागतो आणि स्नायूंची लूट मंदावते, असे त्यांना दिसले. लूट मंदावते, थांबत नाही. उपोषणाला बसणाऱ्या कार्यकर्त्यांना हे कोणी सांगत नाही, आणि बसविणाऱ्यांनाही ते ठाऊक नसते.

या पिंपातील पाती निकामी करणारे औषधही निघाले आहे. बोर्टेझोमिब हे त्याचे नाव. अस्थिमज्जेतील पेशींच्या एका कर्करोगासाठी, मायलोमासाठी, त्याला २००३ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. कर्करोगाच्या या पेशी प्रथिनांचा ढीग पाडीत असतात. मोडणी अडविली की त्या आपल्याच ढिगाऱ्याखाली गुदमरतात.

शेवटी त्या तंबाखूच्या पतंगातील एक गोष्ट राहिली. त्याचा हा स्नायू एकदम मरत नाही. पतंग बाहेर पडण्याच्या साधारण तीन दिवस आधीच तो झिजू लागतो आणि आपल्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग गमावतो. पण ही झीज रोग्याच्या झिजेसारखी नसते. उरलेला स्नायू मज्जातंतूंचे हुकूम ऐकतो, आकाराच्या मानाने पूर्वीइतक्याच जोराने आवळतो आणि पतंगाला कोषाबाहेर रेटण्याचे काम पुरे करतो. युबिक्विटिनची मोठी वाढ या झिजेच्या दिवसांत दिसत नाही; ती दिसते अखेरच्या दिवशी, मरणाचा निर्णय झाल्यावर. म्हणजे एकाच स्नायूत, तीन दिवसांच्या अंतराने, दोन वेगळ्या मोडणी होतात. पहिली अर्ध्याच्या आत थांबते आणि स्नायूला कामावर ठेवते, दुसरी काहीच शिल्लक ठेवीत नाही. पहिली मोडणी ४० टक्क्यांवर थांबविणारा हात कोणता, याच्या शोधात कीटकांच्या प्रयोगशाळांइतकाच रस अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या स्नायूंवर काम करणाऱ्यांनाही आहे.